शिकवून तयार केलेला ऑपरेटर वर्षभरात सोडून जातो. बाँड घ्यावा की नाही?

भोसरी_मशीनशॉप
आमचं सीएनसी टर्निंग आणि व्हीएमसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथ आणि मिलिंग मशीनचं, शॉप आहे, चाळीसेक माणसं. मोठ्या वाहन कंपन्यांना माल देणाऱ्यांना आम्ही भाग करून देतो. आयटीआय झालेला मुलगा येतो तेव्हा त्याला व्हर्नियर वाचता येतं, पण भोकाचा व्यास मोजायचं बोअर गेज हातात दिलं की दर वेळी वेगळं रीडिंग. इन्सर्ट (कापणारं पातं) कधी बदलायचा, ऑफसेट (टूलच्या जागेची दुरुस्ती) किती मायक्रॉन द्यायचा, भाग पकडणारे सॉफ्ट जॉ कसे बोअर करायचे, हे सगळं तो आमच्याकडे शिकतो. शिकताना जॉब, म्हणजे केलेले भाग, रिजेक्ट होतात. एखाद्या वेळी टूल धरणारा टरेट भाग पकडणाऱ्या चकवर आदळतो आणि मशीन चार दिवस बंद. हा सगळा खर्च आमचा. मुलगा सेटिंग करायला, म्हणजे नव्या भागासाठी मशीन स्वतः लावायला, लागला की चाकणची कंपनी तीन-चार हजार जास्त देऊन त्याला उचलते.

माझं म्हणणं सरळ आहे. दोन वर्षांचा लेखी बाँड घ्यावा, आधी सोडलं तर खर्च भरून द्यावा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडणाऱ्याकडून दोन लाख रुपये घेण्याची अट वैध ठरवली. बँकेला चालतं, तर कारखान्याला का नाही?

सेटर_चाकण
साहेब, तुम्ही म्हणता तसा सोडून गेलेला मुलगा मीच. तुमच्याकडचा नव्हे, पण तुमच्यासारख्याच एका शॉपमधला. पगार हे एक कारण होतं, ते नाकारत नाही. पण मी ठेकेदाराच्या हजेरीवर होतो. २४० दिवस भरले तर पर्मनंटचा हक्क सांगेल म्हणून सात महिने झाले की ब्रेक. ब्रेकनंतर पुन्हा त्याच मशीनवर, नव्या माणसाच्या पगारात. दुसरं म्हणजे प्रोग्राम एडिटची किल्ली मालकांच्या खिशात. दोन ओळी बदलायच्या तरी ते येईपर्यंत मशीन उभं. मला प्रोग्रामिंग शिकायचं होतं. विचारलं तर उत्तर मिळालं, "शिकलास की पळशील." म्हणून मी न शिकताच पळालो, आणि चाकणला शिकलो.

मालक दर सात महिन्यांनी मला सोडू शकतो आणि मी मात्र दोन वर्षं सोडायचं नाही, हा कुठला करार?

भोसरी_मशीनशॉप
आमच्याकडे ब्रेक नाही, सगळे कंपनीच्या पे-रोलवर आहेत. पीएफ, ईएसआय पहिल्या महिन्यापासून. तुमच्या मालकाचा हिशोब माझ्याकडून मागू नका. आणि पगार वाढवा म्हणणं सोपं आहे. ग्राहक दरवर्षी भाग स्वस्त करून मागतो, वीज महागते, इन्सर्ट महागतात. मोठ्या कंपनीच्या पगाराशी मी स्पर्धा करू शकत नाही, म्हणूनच बाँडचं विचारतोय.

एचआर_तळेगाव
त्या निकालाबद्दल थोडं सांगते, कारण हल्ली प्रत्येक मालक तो मोबाईलवर दाखवतो. ते प्रकरण सरकारी बँकेतल्या वरिष्ठ व्यवस्थापकाचं होतं. सरकारी बँकेला जाहिरात देऊन, सगळ्यांना संधी देऊन भरती करावी लागते, अवेळी कुणी गेलं तर तो खर्च पुन्हा करावा लागतो, हा विचार न्यायालयाने केला. सोळा-सतरा हजारांच्या ऑपरेटरला तो निकाल जसाच्या तसा लागू पडेल असं समजू नका. करार कायद्याचं कलम ७४ वाजवी भरपाई देतं, तीही करारात लिहिलेल्या रकमेपर्यंतच. प्रशिक्षणावर खरोखर काय खर्च केला याचे कागद तुमच्याकडे आहेत का? कोण शिकवत होतं, किती तास, काय शिकवलं? "मशीनवर उभा राहून शिकला" म्हणजे तो उत्पादनही करत होता.

आणि मूळ मार्कशीट अडकवून ठेवणारे शॉप मी पाहिले आहेत. कृपा करून तो मार्ग धरू नका.

शिरोली_फौंड्री
भोसरीकरांची बाजू मला पटते. शिकवणाऱ्याने पदरमोड करायची आणि दुसऱ्याने तयार माणूस न्यायचा, हा अन्यायच आहे. पण बाँडचा उपयोग होत नाही, हे अनुभवाने सांगतो. आमच्याकडे मोल्डिंग (साचे करणं), फेटलिंगला (ओतीव भाग घासून साफ करणं) इथली पोरं येतच नाहीत. बिहार, ओडिशाकडची माणसं आहेत. छठला गावी गेलेला माणूस परत आला नाही, तर वकील घेऊन मी कुठं शोधायचा त्याला?

आम्ही वेगळं केलं. शॉपमध्ये स्किल मॅट्रिक्सचा, म्हणजे कोणाला कोणतं काम येतं ते दाखवणारा, बोर्ड सगळ्यांकडेच असतो, ऑडिटच्या आदल्या दिवशी रंगवलेला. आम्ही तो बोर्ड पगाराला जोडला. एका मशीनवर स्वतंत्र काम करतो, त्याला अमुक वाढ. दुसऱ्याला शिकवू शकतो, त्याला तमुक. वाढ बोर्डावर दिसते, त्यासाठी सुपरवायझरची मर्जी लागत नाही. तरी लोक जातात. पण शिकवणारी जुनी माणसं टिकलीत आणि माझ्या दृष्टीनं खरी मालमत्ता तीच. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कितीतरी मालक आधी दुसऱ्याच्या लेथवर शिकलेत. त्यांना कुणी बांधून ठेवलं असतं तर आज माझे निम्मे पुरवठादार नसते.

श्टुटगार्टकर
मी जर्मनीत, इथल्या मशीनशॉपमध्ये काम करतो. सीएनसी मशीनिस्टचं प्रशिक्षण साडेतीन वर्षांचं. आठवड्यातले काही दिवस कंपनीत, काही शाळेत, कंपनी पगार देते. परीक्षा औद्योगिक चेंबर, म्हणजे उद्योगांची संस्था, घेते, त्यामुळे प्रमाणपत्र देशभर चालतं. आणि इथल्या कायद्यात प्रशिक्षणानंतर मुलाला बांधून ठेवणारी अट सरळ रद्दबातल आहे. शेवटच्या सहा महिन्यांत तो स्वतःहून नोकरीचा करार करू शकतो, एवढीच मुभा. प्रशिक्षणाचा खर्च त्याच्याकडून मागणंही बेकायदा. तरी कंपन्या शिकवतात.

भोसरी_मशीनशॉप
शिकवतात, कारण तिथे शेजारचाही शिकवतो. इथे शेजारचा फक्त उचलतो. ॲप्रेंटिस (शिकाऊ उमेदवार) कायद्यात ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांनी एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के ॲप्रेंटिस घ्यायचे आहेत. मोठे ते घेतात आणि असेंब्ली लाइनवर नट आवळायला उभे करतात. वर्ष संपलं की नवी बॅच. सेटर मात्र आमच्याकडून. मग जी कंपनी नेते तिने आम्हाला भरपाई द्यावी, मुलाकडून घेऊच नका. हे तरी मान्य आहे का?

सेटर_चाकण
नाही. माझ्या डोक्यावर किंमत लावली की नवी कंपनी मला घेणारच नाही, पाटी कोरी असलेल्याला घेईल. म्हणजे शेवटी मीच भरतो.

लाइनवर नट आवळण्याचं मात्र खरं बोललात. माझा धाकटा भाऊ तेच करतोय. आयटीआयचा टर्नर आहे, वर्षभरात लेथला हात लावलेला नाही.

निदेशक_टर्नर
मी आयटीआयमध्ये शिकवतो, त्या भावासारखी मुलं दरवर्षी पाहतो. आमच्याकडे एका सीएनसीभोवती अख्खी तुकडी उभी असते, प्रत्येकाच्या वाट्याला किती वेळ येणार? त्यामुळे खरं शिक्षण कारखान्यातच होतं, हे मला मान्य आहे.

पण साहेब, तुम्ही जे मागताय ते कायद्यात आधीपासून आहे, फक्त दोन्ही बाजूंनी. ॲप्रेंटिस कायदा १९६१, कलम २२. प्रशिक्षणानंतर त्याच मालकाकडे काम करायचं अशी अट करारात घातली, तर मुलगा तेवढा काळ बांधील. आणि मालकही त्याला योग्य नोकरी द्यायला बांधील, करारात लिहिलेल्या पगारावर. तो पगार वाजवी नाही असं वाटलं तर शिकाऊ उमेदवारी सल्लागार हा सरकारी अधिकारी तो बदलू शकतो. शिवाय राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी योजनेतून विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, दरमहा १५०० रुपयांपर्यंत, सरकार उचलतं. त्यामुळे सगळा खर्च तुमचाच, असं राहत नाही.

लहान शॉपवाल्यांना मी हे सांगतो तेव्हा पोर्टल, फॉर्म, तपासणी यांना कंटाळून ते ठेकेदाराकडूनच मुलं घेतात. मुलाला बांधायची तयारी असते, स्वतः बांधून घ्यायची नसते. याचा मला मनापासून राग येतो.

भोसरी_मशीनशॉप
कलम २२ असं दोन्हीकडून आहे हे ठाऊक नव्हतं, आज वाचतो. ऑर्डर कमी झाल्या तरी ठरलेला पगार द्यावाच लागेल, ही भीती मात्र खरी आहे. मंदीत मोठ्यांची शेड्यूल, म्हणजे महिन्याची मागणी, एका मेलवर निम्मी होतात. तरीही चार मुलांपासून सुरुवात करायला तयार आहे. पण बांधिलकी दोन वर्षांचीच हवी, त्यात तडजोड नाही.

निदेशक_टर्नर
दोन वर्षं चालतील. दुसऱ्या वर्षाचा पगार आकड्यात लिहा, आणि सेटिंग, प्रोग्रामिंग कोणत्या महिन्यात शिकवणार तेही. असा करार घेऊन या, चार मुलं मी देतो.

सेटर_चाकण
सर, त्या यादीत माझ्या भावाचं नाव घाला.