पावसाळ्यात नुसते खोल लग्ज पुरत नाहीत

पावसाळ्यात डोंगरवाटांवर धावण्यासाठी डोळे झाकून ६ मिमी लग्जवाले (लग्ज म्हणजे तळव्याचे रबरी दाते) शूज घ्या असं काहीजण सांगतात, ते चिखलापुरतं शंभर टक्के बरोबर आहे. पण सिंहगडाची आतकरवाडीची वाट घ्या नाहीतर राजगड, चिखलाइतकाच ओला काळा बेसॉल्ट लागतो आणि खरी घसरण तिथेच होते. दगडावर खोल आणि लांब लांब बसवलेले लग्ज उलट त्रास देतात, कारण रबर टेकतंच कमी, त्यात ते कडक असेल तर पाय सुटलाच म्हणून समजा. मी मागच्या जुलैत उतरताना असाच आपटलो, मनगट तीन आठवडे बांधलेलं होतं. आता ४ मिमीच्या आसपासचे, मऊ चिकट रबरवाले वापरतो, लवकर झिजतात हे खरं पण फरक पहिल्याच उताराला कळतो. शेवाळावर मात्र कुठल्याच रबराचा भरवसा नाही, तिथे न धावता सरळ चालायचं.

आणि वॉटरप्रूफ तर अजिबात नको, ओढ्यात एकदा वरून पाणी शिरलं की आतच साठून राहतं, साध्या जाळीचे असले की धावता धावता निथळून जातात.