मदत हवी आहे: पोर्ट फॉरवर्ड करूनही घरच्या सर्व्हरवरची गाणी बाहेरून वाजत नाहीत

मंडळी, चार दिवस राउटरच्या सेटिंगमध्ये डोकं घालून बसलेय, पण गाडी जागची हलत नाहीये.

आईच्या गाण्याच्या जुन्या कॅसेट मी एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या, सगळ्या फ्लॅक या मूळ दर्जा राखणाऱ्या फॉरमॅटमध्ये. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर नॅव्हिड्रोम हे गाणी ऐकवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर टाकलंय. घरच्या वायफायवर सगळं झकास वाजतं. घराबाहेर पडलं की शुकशुकाट. बहीण लांब राहते, तिला ऐकवायचंय, त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

पायला राउटरमधून १९२.१६८.१.२० हा पत्ता कायमचा बांधून दिलाय. ४५३३ हा नॅव्हिड्रोमचा पोर्ट टीसीपीवर त्याच पत्त्याकडे फॉरवर्ड केलाय, म्हणजे बाहेरून त्यावर येणारी हाक राउटरने पायकडे पाठवावी, पायच्या फायरवॉलमध्येही उघडलाय. शेवटी वैतागून डीएमझेडही (बाहेरून येणारं सगळंच पायकडे वळवणारी राउटरची सेटिंग) चालू करून पाहिलं. फरक शून्य.

तपासते ते फोनचं वायफाय बंद करूनच. घरात बसून स्वतःचाच बाहेरचा पत्ता टाकला तर काही राउटर तो परत आत वळवत नाहीत आणि उगाच फसगत होते, हे पहिल्याच दिवशी कळलं.

मोबाइल डेटावरून पत्ता टाकला की चक्र फिरत राहतं आणि मग 'टाइम आउट'. कनेक्शन नाकारल्याचा संदेश एकदाही आला नाही. काल रात्री पायवर टीसीपीडम्प (नेटवर्कवरून काय येतं-जातं ते दाखवणारा प्रोग्राम) लावून बसले आणि फोनवरून दहा वेळा प्रयत्न केला. काळ्या खिडकीत एक ओळ उमटली नाही. म्हणजे पायपर्यंत काही पोचतच नाहीये, नॅव्हिड्रोमला दोष देण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट खटकतेय. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, आयपी १००.८२ ने सुरू होतो, पण 'माझा आयपी' दाखवणाऱ्या साइटवर भलताच आकडा येतो. हे असंच असतं का? की दुखणं इथेच आहे?

प्रतिसाद १

दुखणं तिथेच आहे. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हे पत्ते २०१२ साली खास इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवले गेले. तुमचा पत्ता त्यातलाच, म्हणजे तुम्ही सीजीनॅटमागे आहात. एकच पब्लिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. बाहेरून आलेली हाक कंपनीच्या यंत्रापाशीच अडते, कारण ती कोणत्या घराकडे पाठवायची हे त्याला माहीतच नसतं. तुमच्या राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग बरोबर आहे, पण त्याच्या दारापर्यंत कोणी येतच नाही.

पहिलं काम म्हणजे डीएमझेड आत्ताच्या आत्ता बंद करा. आज सीजीनॅटमुळे तुम्ही झाकलेल्या आहात. उद्या पब्लिक आयपी मिळाला तर पायचे सगळे पोर्ट जगाला उघडे पडतील. ४५३३ चा फॉरवर्डही काढून टाका.

कंपनीकडे पब्लिक आयपी मागता येतो, पण माझ्या मते तुम्हाला त्याची गरज नाही. पायवर आणि फोनवर टेलस्केल हे आपल्या उपकरणांना खासगी नेटवर्कने जोडणारं ॲप टाका. दोन्ही बाजूंनी कनेक्शन आतून बाहेर जातं, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही आणि राउटरला हातही लावावा लागत नाही. पायला मिळणारा टेलस्केलचा पत्ताही १०० नेच सुरू होईल, कारण तेही हाच पट्टा वापरतात. तो पाहून दचकू नका.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. एक भर घालतो. सीडीच्या दर्जाचा फ्लॅक साधारण ७०० ते १००० केबीपीएस घेतो. घरून बाहेर गाणं जातं ते अपलोडच्या वेगाने, आणि बहिणीकडचं नेटवर्क कमकुवत असेल तर ते अडखळणार. नॅव्हिड्रोममध्ये तिच्या प्लेयरपुरतं ओपस १२८ चं ट्रान्सकोडिंग, म्हणजे वाजवतानाच कमी डेटा लागणाऱ्या फॉरमॅटमध्ये बदलणं, लावून द्या. मूळ फाइल जशीच्या तशी राहते. कॅसेटवरून उतरवलेल्या आवाजात फरक जाणवणारही नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! डीएमझेड आणि फॉरवर्ड दोन्ही काढले. टेलस्केल टाकायला वीस मिनिटंही लागली नाहीत. वायफाय बंद करून जिन्यात उभी राहिले, नॅव्हिड्रोम उघडलं आणि पहिल्याच फटक्यात पेटीचे सूर आले.

बहिणीला माझं खातं न देता फक्त पाय शेअर केलाय, तिने तिच्या फोनवर टेलस्केल घेतलं. आधी फ्लॅक दर अर्ध्या मिनिटाला थांबत होतं, ओपस लावल्यावर सलग चालतंय. तिसऱ्या कॅसेटमध्ये आई मध्येच गाणं थांबवून म्हणते, "अगं, चालू आहे का ते?" बहिणीने तेवढा तुकडा चार वेळा मागे नेऊन ऐकला आणि मग फोन केला.

आता एकच विचारायचंय. वीज जाऊन आली की पाय सुरू होतो, टेलस्केलही आपोआप जोडलं जातं, पण नॅव्हिड्रोम मला हाताने चालू करावं लागतं. ते डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आहे. रीस्टार्टची सेटिंग कुठे लिहायची?

प्रतिसाद १

डॉकरच्या कंपोझ फाइलमध्ये (कंटेनरच्या सेटिंग जिथे लिहितात ती) नॅव्हिड्रोमच्या खाली 'रीस्टार्ट' ही ओळ घाला आणि तिची किंमत 'अनलेस-स्टॉप्ड' ठेवा. मग कंटेनर एकदा नव्याने उभा करा. शिवाय बाहेरच्या हार्डडिस्कवर गाणी असतील तर ती बूट होतानाच माउंट होतेय (आपोआप जोडली जातेय) ना, ते बघा. नाहीतर नॅव्हिड्रोम उठेल, पण गाणी सापडणार नाहीत.