मदत हवी आहे: वय ६९, घाट चढून थांबल्यावर डोळ्यांपुढे अंधारी

मंडळी, प्रश्न वडिलांबद्दल आहे. आम्ही साताऱ्यात समर्थ मंदिराजवळ राहतो. आबा शिक्षक होते. निवृत्त झाल्यापासून पहाटे साडेपाचला घराबाहेर पडतात, कधी अजिंक्यतारा तर कधी यवतेश्वरचा घाट. साखर नाही. बीपीची एक गोळी बरीच वर्षं चालू आहे.

तीन आठवड्यांपूर्वी रविवारी मीही बरोबर होतो. घाटात हिल मॅरेथॉनची तयारी करणारी पोरं पळत होती, त्यांच्या मागं आबांनीही जोर लावला. वर पोचून कठड्याशी उभे राहिले आणि अर्ध्या मिनिटात त्यांचा हात कठडा चाचपायला लागला. मी बाटली पुढं केली, तर झाकण फिरेना, बोटं त्यावरून नुसती घसरत होती. चेहरा पांढराफटक, कपाळावर गार घाम. आडवं केलं, पाय उचलून धरले, दोनेक मिनिटांत रंग परत आला. "काय न्हाई रं, जरा अंधारी आली," म्हणत लगेच उठायला लागले. शुद्ध गेली नव्हती, छातीत दुखलं नाही, बोलणं स्पष्ट होतं. घड्याळात त्या शेवटच्या चढावर ठोके १४८ दिसत होते.

ईसीजी, इको, हिमोग्लोबिन सगळं व्यवस्थित आलं. पण ज्या डॉक्टरांना दाखवलं त्यांनी रिपोर्ट मिटवत सांगितलं, "या वयात मेंदूचा रक्तपुरवठा कमी होतोच, आता चढ बंद करा." त्या दिवसापासून आबा ओट्यावर बसून असतात. बूट दाराआड तसेच पडलेत. अंधारीपेक्षा मला त्या बुटांची जास्त धास्ती वाटते.

तेव्हापासून मिळेल ते वाचतोय. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण बसल्या जागी हृदय जेवढं रक्त बाहेर टाकतं त्यातलं सुमारे १५ टक्के एकटा मेंदू घेतो. वयानुसार हा पुरवठा हळूहळू घटतो आणि रक्तवाहिन्या ताठर होतात, ही डॉक्टरांची गोष्ट खरी आहे. पण निरोगी म्हाताऱ्या माणसाच्या मेंदूलाही मध्यम व्यायामात बसल्यापेक्षा जास्तच रक्त मिळतं. तरुणांच्या मानानं पातळी खाली असते, चढउताराची तऱ्हा साधारण तीच. धाप लागेपर्यंत जोर लावला की मात्र गणित उलटतं. जोरजोरात श्वास घेतल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्यामुळं मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि वाढलेला प्रवाह पुन्हा खाली येतो. हे विशीतल्या पोरांतही होतं. २२० वजा वय या ढोबळ हिशोबानं आबांची कमाल १५१ निघते, म्हणजे १४८ ला ते जवळपास शेवटच्या टोकाला होते.

आणि ते चढताना ठीक होते, अंधारी आली ती थांबल्यावर. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. एकदम उभं राहिलं की ते ढकलणं बंद पडतं, रुंदावलेल्या रक्तवाहिन्यांमुळं रक्त पायांतच साठतं आणि दाब घसरतो. तरुणाचं शरीर तो झटकन सावरतं, उतारवयात सावरायला वेळ लागतो. मला आबांचा प्रकार यात बसतोय असं वाटतं, पण मी डॉक्टर नाही. माझी समजूत चुकत असेल तर स्पष्ट सांगा.

घरात कुणी पासष्टीच्या पुढचं असं चढणारं आहे का? त्यांना असं झालं तेव्हा पुढं कोणती तपासणी सांगितली? ट्रेडमिलवरची टेस्ट मागून घ्यावी का? वर पोचल्यावर न थांबता दहा मिनिटं रमतगमत चालल्यानं कुणाला फरक पडला का? मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करावा असंही एकानं सुचवलंय. नुसत्या अंधारीसाठी तो लागतो का?

"वय झालं, बसा आता" एवढं एकच उत्तर कृपा करून नको. वर्षानुवर्षं व्यायाम करणाऱ्यांच्या मेंदूतला रक्तप्रवाह बैठ्या समवयस्कांपेक्षा चांगला आढळतो, असंही वाचलंय. मग ओट्यावर बसवून आपण त्यांचं नेमकं काय राखतोय?

भर, मंगळवार रात्र: प्रतिसादांत एका ताईंनी विचारलं, बीपीशिवाय आणखी गोळ्या? आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं. गेल्या दिवाळीपासून प्रोस्टेटची एक गोळी रात्री चालू आहे, तपासणीच्या वेळी ती सांगायचीच राहिली. या प्रकारच्या काही गोळ्यांनी उभं राहिल्यावर दाब पडतो. ताईंच्या सांगण्यावरून आज सकाळी आबांना पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घेतलं, १३८/८०. उभं करून एका मिनिटानं ११२/७०. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं पडला तर डॉक्टर त्याची दखल घेतात, इथं वरचा २६ नं पडलाय.

गोळी मनानं बंद केलेली नाही. उद्या दोन्ही गोळ्यांची पाकिटं आणि हे आकडे घेऊन फिजिशियनकडे जातोय. तोवर आबा माझ्याबरोबर गोडोलीच्या तळ्याभोवती सपाटीवर फिरतील, तेही बोलता येईल इतक्याच वेगानं. गोळी बदलल्यावर पुन्हा घाट चढू लागलेलं कुणी असेल, तर किती दिवसांनी सुरुवात केली आणि कशी, ते कळवा. आबा रोज विचारतात.