राष्ट्रपती कार्यालयाचं वार्षिक अंदाजपत्रक: 'भारित' खर्चावर लगाम कोणाचा आणि कामगिरी मोजायची कशी?

माहुली_संगम (सातारा)

नमस्कार मंडळी. साताऱ्यात आम्ही काही जण लेखा लिपिक परीक्षेची तयारी करतोय. अंदाजपत्रकाचा भाग शिकताना मुद्दाम तालुका कार्यालय सोडून राष्ट्रपती सचिवालयाचं उदाहरण घेतलं आणि गाडी तिथेच अडली.

राष्ट्रपतींच्या कार्यालयाचा खर्च भारित आहे, म्हणजे त्यावर संसदेत मतदान होत नाही, इथपर्यंत कळलं. पण मग तो वर्षभर आवरतो कोण? गटातले निम्मे म्हणतात, भारित म्हणजे कोरा चेकच. दुसरं, अशा कार्यालयाचा वर्षाचा अंदाज बसवतात कसा? आम्ही सरावासाठी गेल्या वर्षीच्या खर्चावर सरसकट १० टक्के वाढ धरली, ते चालेल का? आणि तिसरं, ज्या कार्यालयाकडे योजनाच नाही त्याची कामगिरी कशावरून ठरवायची?

जाता जाता एक आपल्या जिल्ह्यातलं. महाबळेश्वरला राज्यपालांचं निवासस्थान आहे. तिथला पाऊस सगळ्यांना माहीत आहे. छपराची दुरुस्ती निघाली तर ती राज्यपालांच्या खर्चात दिसते की बांधकाम खात्याच्या?

कृष्णाकाठ_लेखा (सांगली)

कोरा चेक हा समज आधी डोक्यातून काढा, नाहीतर पुढचं सगळं चुकेल.

घटनेचं कलम ११२(३) राष्ट्रपतींचं वेतन, भत्ते आणि त्यांच्या पदाशी निगडित इतर खर्च भारताच्या एकत्रित निधीवर (सरकारच्या मुख्य खजिन्यावर) भारित करतं. कलम ११३(१) सांगतं की असा खर्च मताला टाकायचा नाही. पण चर्चेला मनाई नाही, दोन्ही सभागृहांत चर्चा होऊ शकते. एवढं वाचून बहुतेक जण थांबतात. खरी कडी कलम ११४(३) मध्ये आहे: विनियोजन कायदा (निधीतून रकमा काढायची संसदेची परवानगी) झाल्याशिवाय एकत्रित निधीतून एक रुपयाही निघत नाही. भारित रकमासुद्धा त्याच विनियोजन विधेयकात बसतात. म्हणजे मतदान टळतं, मंजूर रकमेची कमाल मर्यादा टळत नाही. वर्षात पैसे कमी पडले तर कलम ११५ खाली पुरवणी विनियोजन घ्यावं लागतं. मंजुरीपेक्षा जास्त खर्च झाला तर तो नंतर त्याच कलमाखाली संसदेकडून नियमित करून घ्यावा लागतो, भारित असो की दत्तमत (मतदानाने मंजूर झालेला).

आता आकडा बघा. केंद्राच्या २०२३-२४ च्या अंदाजपत्रकात राष्ट्रपतींचा कर्मचारीवर्ग, गृहव्यवस्था आणि भत्ते यांसाठी ९०.१४ कोटींची तरतूद होती. राष्ट्रपतींचं वेतन महिना ५ लाख, म्हणजे वर्षाला ६० लाख. एकूण रकमेच्या एक टक्कासुद्धा नाही. बाकी सगळं माणसांचे पगार, कार्यालय, घरची व्यवस्था, दौरे, स्वेच्छा अनुदान. म्हणून या कार्यालयाचं अंदाजपत्रक म्हणजे मुख्यतः आस्थापना खर्चाचं अंदाजपत्रक, आणि ते तुमच्या तहसील कार्यालयासारखंच पद मोजून बसवावं लागतं.

लेखाशीर्ष, म्हणजे खर्च नोंदवायचा सांकेतिक क्रमांक, लक्षात ठेवा: २०१२. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल, केंद्रशासित प्रदेशांचे प्रशासक सगळे यातच. राज्यात राज्यपालांचा खर्च कलम २०२(३) ने भारित आहे आणि आपल्या राज्याच्या अंदाजपत्रकात तो सामान्य प्रशासन विभागाच्या ए-१ या मागणीत (विभागाच्या खर्चाच्या गटात) येतो. त्याच मागणीत मंत्रिमंडळाचा खर्च २०१३ खाली असतो, तो मात्र दत्तमत. एकाच मागणीत भारित आणि दत्तमत असे दोन रकाने शेजारी बघायचे असतील तर ए-१ इतकं सोपं उदाहरण दुसरं नाही. परीक्षेत हमखास विचारतात.

मिरज_जंक्शन

वरच्या उत्तराला जोड. ९०.१४ कोटी म्हणजे 'राष्ट्रपती भवनाचा एकूण खर्च' असं कृपया लिहू नका, बातम्यांत ही गफलत दरवर्षी होते.

इमारतींची देखभाल, विजेचं काम हे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग करतो, त्याची तरतूद शहरी व्यवहार मंत्रालयाच्या बाजूला. राष्ट्रपतींचं अंगरक्षक दल ही लष्कराची तुकडी, तिचा पगार संरक्षण खर्चात. दिल्ली पोलिसांचा बंदोबस्त गृह मंत्रालयाकडे. त्यामुळे 'कार्यालयाची तरतूद' आणि 'पदावर होणारा सगळा खर्च' या दोन वेगळ्या बेरजा आहेत. तुलना करताना कुठली बेरीज घेतली ते आधी लिहा.

महाबळेश्वरचंही तसंच. इमारत सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ताब्यात असेल तर दुरुस्ती त्या विभागाच्या मागणीत शोधा. सर्वसाधारण नियम असा की कार्यालयीन इमारत २०५९ सार्वजनिक बांधकामे, निवासी इमारत २२१६ गृहनिर्माण. ए-१ मध्ये छपराचा खर्च शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही. आणि तिकडे जून उजाडल्यावर अंदाजपत्रक करण्यात अर्थ नाही. छप्पर, पन्हाळी, झडपा यांचं काम मेअखेर संपायला हवं, म्हणजे मागणी आदल्या हिवाळ्यातच गेलेली असायला हवी.

माहुली_संगम (सातारा)

मिरजकर, कृष्णाकाठ साहेब, दोघांचेही आभार. भारितचं आता डोक्यात बसलं. १० टक्के वाढीबद्दल कोणी आकडे घालून समजावेल का? पगाराचा अंदाज नक्की कुठल्या महिन्यांचा धरायचा यावरच आमच्यात वाद आहे.

कोषागार_वाट (कराड)

वादाचं उत्तर: मार्च ते फेब्रुवारी. मार्चचा पगार एप्रिलमध्ये निघतो, म्हणून तो नव्या वर्षावर पडतो. केंद्रातही तेच, बाकी महिन्यांचे पगार महिनाअखेरीस होतात, मार्चचा तेवढा एप्रिलमध्ये.

आता मांडून बघू. समजा ४० भरलेली पदं, एकूण मूळ वेतन महिना १८,००,०००. महागाई भत्ता हिशोब सोपा जावा म्हणून ५० टक्के. घरभाडे वगैरे तूर्त बाजूला.

मूळ + महागाई = २७,००,०००. बारा महिन्यांचे ३,२४,००,०००.

वेतनवाढ ३ टक्के, १ जुलैला. म्हणजे ५४,०००, त्यावरचा महागाई भत्ता २७,०००, मिळून ८१,०००. हे जुलै ते फेब्रुवारी असे ८ महिने, म्हणजे ६,४८,०००. इथेच पहिली चूक होते. बारा महिने गुणून ९,७२,००० धरतात आणि ३,२४,००० उगाच फुगतात. कोणाची वेतनवाढ १ जानेवारीला असेल तर त्याचे फक्त दोन महिने धरा.

महागाई भत्त्यात जुलैपासून ४ टक्क्यांची वाढ गृहीत धरली, तर १८,५४,००० च्या ४ टक्के म्हणजे ७४,१६०, आठ महिन्यांचे ५,९३,२८०. जानेवारीची वाढ साधारण मार्चमध्ये जाहीर होते, तेव्हा तिचा जानेवारी-फेब्रुवारीचा फरक पुढच्या वर्षात जातो. त्याच न्यायाने मागच्या जानेवारीचा फरक या वर्षी पडत असेल तर तो वेगळी ओळ करून दाखवा, पगारात मिसळू नका.

एकूण ३,३६,४१,२८०. सरसकट १० टक्क्यांनी ३,५६,४०,००० आले असते. जवळजवळ २० लाख जास्त. हे २० लाख वर्षभर कोणाच्याच कामाला येत नाहीत आणि मार्चमध्ये समर्पित, म्हणजे सरकारला परत, करावे लागतात.

रिक्त पदं: भरतीचा आदेश निघाला असेल किंवा मागणीपत्र गेलं असेल तरच धरा, आणि रुजू होण्याच्या महिन्यापासूनच. ३१ ऑगस्टला निवृत्त होणाऱ्याचे मार्च ते ऑगस्ट सहाच महिने. ही यादी आस्थापना शाखेकडून सहीनिशी घ्या. तोंडी यादीवर केलेला अंदाज डिसेंबरात कोसळतोच.

पगार सोडून बाकी बाबींना १० टक्क्यांचा नियम त्याहून वाईट. वीज, दूरध्वनी, इंधन: मागच्या तीन वर्षांचा प्रत्यक्ष खर्च मांडा, त्यातून थकीत देयकांचे पैसे वजा करा. मागच्या वर्षी दोन महिन्यांची जुनी वीजबिलं भरली असतील आणि तुम्ही तोच आकडा पाया धरलात, तर १४ महिन्यांचं बिल १२ महिन्यांत घातलंत. दौऱ्यांचं दर दौऱ्यामागे धरा, दौरे किती ते कार्यक्रम ठरवणाऱ्या शाखेला विचारा. राष्ट्रपती कार्यालयाला आणखी एक गोष्ट जपावी लागते, कार्यकाळाचा बदल. विद्यमान राष्ट्रपतींची शपथ २५ जुलै २०२२ ची, म्हणजे पुढचा बदल २०२७-२८ या वर्षात. निरोप, शपथविधी, सामानाची ने-आण या एकदाच होणाऱ्या बाबी आहेत. त्या त्याच वर्षी दाखवायच्या आणि पुढच्या वर्षीच्या पायातून काढायच्या. काढायला विसरलं की तो खर्च कायमचा मुक्कामाला राहतो.

वेळापत्रक: केंद्रात अर्थ मंत्रालयाचं अंदाजपत्रक परिपत्रक ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास निघतं, ऑक्टोबर-नोव्हेंबरात खर्च सचिवांकडे बैठका होतात. चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज तिथे एकत्रच तपासले जातात. १ फेब्रुवारीला अंदाजपत्रक मांडायचं हे २०१७ पासून. राज्यात चारमाही आणि आठमाही (चार आणि आठ महिन्यांच्या खर्चावरून केलेले) सुधारित अंदाज असतात. आठमाही हातात घेताना नोव्हेंबरपर्यंतचा खर्च महालेखापालांच्या (सरकारी हिशोब ठेवणाऱ्या कार्यालयाच्या) आकड्यांशी ताळमेळ झालेला हवा. सातारा-सांगलीचे आकडे मुंबईच्या महालेखापालांकडे. ताळमेळ न करता बीम्सवरचा (राज्याच्या ऑनलाइन निधी वितरण प्रणालीवरचा) आकडा थेट उचलला, तर चुकीच्या शीर्षात गेलेली देयकं सापडतच नाहीत.

कृष्णाकाठ_लेखा (सांगली)

कराडकरांनी पगाराचं काम पुरं केलं. कामगिरीबद्दल लिहितो, कारण तिथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे.

केंद्रात निष्पत्ती अंदाजपत्रक (खर्चातून काय साधलं ते दाखवणारं) २००५-०६ पासून सुरू झालं. आता नीती आयोगाच्या मदतीने उत्पादन-निष्पत्ती चौकट असते. पण ती योजनांसाठी. राष्ट्रपती सचिवालय योजना चालवत नाही, म्हणून तिथे तसा तक्ता शोधू नका. मग उरतं काय? दोन गोष्टी: पैशाची शिस्त आणि कामाचा निपटारा.

पैशाची शिस्त विनियोजन लेख्यांत (मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च यांच्या वार्षिक हिशोबात) दिसते. रकाने वाचायला शिका: मूळ तरतूद, पुरवणी, एकूण, प्रत्यक्ष खर्च, बचत किंवा जादा, समर्पित रक्कम. समजा मूळ १०० कोटी, पुरवणी १०, खर्च ९६, समर्पित १८. दोन दोष एका ओळीत सापडले. खर्च मूळ तरतुदीच्याही आत राहिला, म्हणजे पुरवणी अनावश्यक. आणि बचत १४ असताना १८ परत केले, म्हणजे मार्चमध्ये खर्चावर लक्षच नव्हतं. उलट, १४ बचत आणि समर्पित शून्य असेल तर ती रक्कम व्यपगत झाली, म्हणजे वर्ष संपताच बुडाली, दुसऱ्या कोणाला वेळेत वापरता आली नाही.

केंद्रात लोकलेखा समितीकडे (सरकारी खर्च तपासणाऱ्या संसदीय समितीकडे) बचतीचं स्पष्टीकरण १०० कोटींपासून पुढे द्यावं लागतं. ९० कोटींच्या विनियोजनात एवढी बचत होऊच शकत नाही. म्हणजे लहान कार्यालयाची ढिलाई आपोआप वर येत नाही, ती आतूनच पकडावी लागते. जादा खर्चाला मात्र अशी सूट नाही, तो कितीही असला तरी नियमित करावाच लागतो.

कामाच्या निपटाऱ्यासाठी मोजता येतील अशाच बाबी घ्या. राष्ट्रपती सचिवालयाकडे नागरिकांची निवेदनं येतात, ती संबंधित मंत्रालयाकडे पाठवली जातात. किती आली, किती दिवसांत पुढे गेली, ३० दिवसांवर किती पडून आहेत, हे तीन आकडे पुरेत. राष्ट्रपती भवन, हैदराबादचं राष्ट्रपती निलयम, शिमल्याजवळचं मशोब्रा इथे लोकांना प्रवेश आहे, तेव्हा भेट देणाऱ्यांची संख्या आणि त्यामागचा खर्च हाही निर्देशक होतो. तिकिटाचे पैसे मात्र एकत्रित निधीत जमा होतात, त्यातून परस्पर खर्च भागवता येत नाही.

'९९ टक्के निधी खर्च' हा कामगिरीचा निर्देशक म्हणून कुठेही लिहू नका. तो आकडा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात खुर्च्या-कपाटं घेऊनही गाठता येतो. केंद्रात शेवटच्या तिमाहीला ३३ टक्के आणि एकट्या मार्चला १५ टक्के अशी मर्यादा त्यासाठीच आहे. मासिक खर्चाचा तक्ता काढून डिसेंबरअखेर ६७ टक्के ओलांडले का ते बघा. नसेल ओलांडले तर सुधारित अंदाज तेव्हाच खाली आणा.

मिरज_जंक्शन

एक राहिलंच. बचत दिसली म्हणून पुनर्विनियोजन करताना, म्हणजे एका शीर्षातली रक्कम दुसऱ्याकडे वळवताना, भारितमधून दत्तमतमध्ये किंवा दत्तमतमधून भारितमध्ये रक्कम हलवता येत नाही. महसुलीतून भांडवलीतही नाही. ए-१ च्या सरावात २०१२ ची बचत २०१३ कडे वळवली असेल तर ते उत्तर खोडून पुन्हा सोडवा.