यॉर्कच्या चिनी इंजिनाबद्दल थोडी भर

कुणीतरी लिहिलंय की इंग्लंडमधल्या यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयातलं ते वाफेचं अजस्र चिनी इंजिन चीनमध्येच बनलं. नाही, ते मूळचं इंग्लंडचंच. न्यूटन-ले-विलोजच्या व्हल्कन फाउंड्रीने १९३५-३६ मध्ये चीनमधल्या कँटन-हँकाऊ रेल्वेमार्गासाठी अशी २४ इंजिनं बांधली. (बोरीबंदर-ठाणे मार्गावरची पहिली इंजिनंही याच कारखान्याची!) पैसा आला १९०० च्या सुमाराच्या परकीयविरोधी बॉक्सर बंडानंतर चीनकडून उकळलेल्या भरपाईच्या ब्रिटिश वाट्यातून. म्हणजे इंजिनांची किंमत चीनच्याच खिशातून गेली, हे विसरता कामा नये.

आराखडा कर्नल केनेथ कँटली यांचा. चिनी क्रांतिकारक नेते सन यत्-सेन लंडनच्या चिनी वकिलातीत डांबले गेले होते, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी धडपडणारे डॉ. जेम्स कँटली हे केनेथ यांचे वडील.

इंजिनाला पुढे चार, मध्ये आठ आणि मागे चार चाकं. कोळसा भट्टीत ढकलायला यांत्रिक स्टोकर. दोन रुळांमधलं अंतर ब्रिटनइतकंच, पण इंजिनाची उंची एवढी की ब्रिटनमधल्या पुलांखालून ते जाणारच नाही! काम संपल्यावर चीनने त्यातलं ६०७ क्रमांकाचं इंजिन ब्रिटनला भेट दिलं, तेच हे यॉर्कचं. एक भावंड बीजिंगच्या रेल्वे संग्रहालयातही जपलंय. दोन्ही टोकांना एकेक राहिलं, याचा मला फार आनंद वाटतो.