बी-२०४ चा बाबू बर्फात अडकला त्या रात्रीचा सोसायटी ग्रुप

बी-२०४ काकी (रात्री १०.४१): झोपलात का सगळे? आमचा बाबू तिकडे इंग्लंडात ऑफिस सुटल्यावर रेडिंगहून स्विंडनला घरी निघालाय आणि वाटेत बर्फाचं वादळ सुरू झालंय. एम-फोर हायवेवर गाडी जागची हलत नाही. हे सारखा फोन लावतायत, तो उचलत नाही.

ए-१०३ सचिव: काकी, घाबरू नका. तिथे सगळं सिस्टिमॅटिक असतं.

ए-२०२ बाय: सायबा! घर किती लांब आहे त्याचं?

बी-२०१ वहिनी: पणजीहून काणकोण धर. एरवी तासाभराचा रस्ता. आम्ही तिकडे होतो तेव्हा मी रोज जायचे.

सी-३०२ भाऊ: आम्ही मनालीला गेलेलो तेव्हा टायरला साखळी बांधलेली. त्याला सांगा, साखळी बांध.

बी-२०१ वहिनी: भाऊ, ऑफिसला जाताना डब्याबरोबर साखळी कोण नेतं? 😄

सी-३०२ भाऊ: मग फोर बाय फोर घ्यायची.

डी-१०१ सुभेदार काका: फोर बाय फोरनं गाडी निघते, थांबत नाही. त्याच भरवशावर पळवलेल्या गाड्या लेहच्या रस्त्यावर उलट्या पडलेल्या पाहिल्यात मी. काकी, आधी घरच्यांना सांगा, फोन करणं बंद करा. बॅटरी त्याला रात्रभर पुरायला हवी. एक मेसेज टाका आणि उत्तराची वाट बघा.

बी-२०४ काकी (१०.५८): आला मेसेज. म्हणतो, दुपारपर्यंत नुसता पाऊस होता. रस्त्यावर मीठ टाकलेलं ते धुऊन गेलं आणि वर बर्फ पडला. पुढे ट्रेलर आडवा झालाय.

ए-२०२ बाय: मीठ?? आपल्या आगरवाड्याच्या मिठागरातलं पाठवूया का?

बी-२०१ वहिनी: तिथलं खाणीतलं असतं गे, तपकिरी, खड्यांचं. चेशायरमध्ये विन्सफर्डला मोठी खाण आहे. खारं पाणी शून्य अंशाला गोठत नाही, म्हणून बर्फ पडायच्या आधीच टाकतात. पण आधी पाऊस लागला की सगळं गटारात.

सी-३०२ भाऊ: *व्हिडिओ फॉरवर्ड केला*
बघा, इंग्लंडची आत्ताची परिस्थिती. चाळीस गाड्या एकमेकांवर.

बी-२०१ वहिनी: भाऊ, पाटीवर रशियन अक्षरं आहेत. डिलीट करा, काकी बघतायत.

सी-३०२ भाऊ: *हा मेसेज डिलीट केला आहे*

डी-१०१ सुभेदार काका: आता नीट वाचा आणि जसंच्या तसं त्याला पाठवा.
हिटरसाठी इंजिन सारखं चालू ठेवू नकोस. तासातून दहा मिनिटं पुरे. प्रत्येक वेळी चालू करायच्या आधी खाली उतर आणि मागच्या सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ पायानं नाहीतर हातानं मोकळा कर. नळी बुजली की धूर गाडीतच भरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला नुसती झोप येते. इंजिन चालू असताना काच बोटभर उघडी ठेव आणि झोपू नकोस. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरीला बर्फात अडकलेल्या गाड्यांत वीसहून जास्त माणसं गेली, लहान मुलंसुद्धा.

ए-१०३ सचिव: काका, शेवटचं वाक्य गाळून पाठवूया.

डी-१०१ सुभेदार काका: त्याला तेच आधी वाचू दे. तरुण पोरगा आहे, नाहीतर हिटर लावून निवांत झोपेल.

बी-२०४ काकी: पाठवलं. उतरून बघितलं म्हणतो, अर्धी नळी झाकलेली 😟 डिकीत मागच्या वेळी मी दिलेली गोधडी आहे, ती घेतलीय. खायला चिप्सचं एक पाकीट.

ए-२०२ बाय: गोधडी नको म्हणत होता ना तो? 😌

डी-१०१ सुभेदार काका: शाबास. गाड्या हलल्या की दुसऱ्या गिअरमध्ये काढ म्हणावं, ब्रेकवर उभा राहू नकोस. घसरलीच तर अ‍ॅक्सिलरेटर सोड आणि जायचं तिकडे स्टिअरिंग हळू वळव. पुलावर जास्त जप. खालूनही वारा लागतो, म्हणून पूल आधी गोठतो.

बी-२०१ वहिनी: आणि अंतर ठेव. त्यांच्या नियमांच्या पुस्तकातच आहे, ओल्या रस्त्यावर थांबायला निदान दुप्पट अंतर लागतं, बर्फावर दहापट लागू शकतं.

सी-३०२ भाऊ: दहापट! आपल्या हायवेवर एवढी जागा सोडली तर मध्ये दोन पिकअप आणि एक मोटरसायकल टॅक्सीवाला पायलट घुसेल. बोरीच्या पुलावर पावसात परवा मला मागून हॉर्न मारत होते, सावकाश चालवतो म्हणून.

ए-१०३ सचिव: भाऊ, तुम्ही वायपर बदललात का? गेल्या पावसात मी बसलेलो तुमच्या गाडीत. काही दिसत नव्हतं.

बी-२०४ काकी (१२.५२): हलल्या एकदाच्या गाड्या! बर्फ सारणारी नांगरवाली मोठी गाडी पुढून गेली, तिच्या मागोमाग मेंबरी सर्व्हिसेसपर्यंत, म्हणजे हायवेवरच्या थांब्यापर्यंत पोचला. गरम चहा मिळाला. पण हे म्हणतायत, तिथे दोन तासांनंतर पार्किंगचे पैसे पडतात, घर वीसेक किलोमीटरवरच आहे, तर हळूहळू निघ.

डी-१०१ सुभेदार काका: अजिबात नाही. पैसे पडू देत. उजाडून रस्ता साफ होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. काकांना फोन द्या, मी बोलतो.

बी-२०१ वहिनी: आणि असल्या रात्री थांबलेल्याला दंड लावलाच तर पत्र मी लिहून देते. तिकडे असताना पार्किंगवाल्यांशी पुष्कळ भांडलेय.