सहा वर्षांच्या मुलीला गुरुत्वाकर्षण कसे समजावून सांगावे?

प्रश्न
नमस्कार. माझी मुलगी पहिलीत आहे. हातातून सुटलेली वाटी खालीच का पडते, असे तिने विचारले तेव्हा पृथ्वी तिला ओढून घेते, असे मी सांगितले. त्यावर तिने लगेच विचारले, "म्हणजे जमिनीत लोहचुंबक आहे का?" घाईत मी "तसेच काहीतरी" असे म्हणून वेळ मारून नेली. आता पृथ्वीगोल पाहिल्यापासून, खालच्या बाजूची माणसे पडत कशी नाहीत, हेही ती रोज विचारते. चुकीची समजूत पक्की होण्याआधी कोणत्या मार्गाने जावे, हे कृपया सांगावे.

उत्तर (प्राथमिक शिक्षिका)
ताई, चुंबकाची शंका तिची तिलाच तपासू द्या. तिच्या हातात एक चुंबक द्या आणि त्याच्याजवळ लोखंडी खिळा, लाटणे, चिंचोका आणि प्लास्टिकचा चेंडू आळीपाळीने न्यायला सांगा. चुंबक खिळ्यालाच ओढेल. पण हातातून सोडल्यावर मात्र चारही वस्तू खाली पडतील. ही ओढ चुंबकाची नव्हे, हे त्यातून तिच्याच तोंडून येईल.

त्यानंतर एक वही आणि एक सुटा कागद एकाच उंचीवरून सोडा. प्रत्येक वेळी आधी कोण पोहोचेल, हे तिला अगोदर सांगायला लावा, कारण अंदाज बांधल्याशिवाय पाहिलेला प्रयोग मुलांच्या लक्षात राहत नाही, असा माझा वर्गातला अनुभव आहे. कागद तरंगत मागे राहील. मग त्याच कागदाचा घट्ट बोळा करून पुन्हा सोडा. कागदाचे वजन तेवढेच असूनही तो जवळजवळ वहीबरोबरच खाली येईल, आणि अडवणारी हवा आहे, हे सांगण्याची खरी वेळ तीच.

उत्तर (भौतिकशास्त्राचे शिक्षक)
याला जोडून चंद्रावरची चित्रफीत अवश्य दाखवा. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ मोहिमेतील डेव्हिड स्कॉट यांनी हातोडा आणि ससाण्याचे पीस एकाच वेळी सोडले. तिथे हवेचा अडथळा नसल्याने दोन्ही एकदमच जमिनीवर पोहोचली.

पृथ्वीगोलाची अडचण मुळात "खाली" या शब्दात आहे. मुलांच्या मनात "खाली" म्हणजे खोलीच्या फरशीकडची दिशा असते. प्रत्यक्षात ती पृथ्वीच्या केंद्राकडची दिशा आहे. गोलावर चारी बाजूंनी कागदी बाहुल्या पाय टेकवून चिकटवा आणि प्रत्येक बाहुलीचे "खाली" कोणते, ते तिला बोटाने दाखवायला सांगा. ही शंका काही बालिश नाही. भास्कराचार्यांनी ११५० मधील "सिद्धांतशिरोमणी"च्या गोलाध्यायात पृथ्वीच्या आकर्षणशक्तीबरोबरच पलीकडच्या बाजूची माणसे आपल्यासारखीच निर्धास्त असतात, हेही सांगितले आहे.

एक विनंती आहे. अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते, असे मात्र तिला कधीही सांगू नका. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरील अंतराळ स्थानकातही ते जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के असते.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. बाहुल्या चिकटवून झाल्या. आता तिने विचारले आहे की, मग चंद्र का पडत नाही?

उत्तर (भौतिकशास्त्राचे शिक्षक)
चंद्रही पडतच असतो, पण त्याच वेळी तो इतक्या वेगाने आडवा पुढे जात असतो की पृथ्वीवर आदळण्याऐवजी तिच्याभोवती फिरत राहतो. तिला घेऊन गच्चीवर जा, चेंडू आधी हलकेच आणि मग जोराने आडवा फेका, आणि प्रत्येक वेळी तो किती लांब जाऊन पडला, ते तिला पावलांनी मोजू द्या.